खाडीकाठच्या घरातील मधल्या वेळचे खाणे : कोळंबी व जवळा

अंबा नदी सह्याद्रीत उगम पावते, पालीवरून नागोठण्यास येते आणि पुढे धरमतरच्या खाडीतून समुद्रास मिळते. पूर्वीच्या काळी भरतीच्या पाण्यावर गलबते नागोठण्याच्या बंदरापर्यंत चढत असत. रस्ते झाले, मोटारी आल्या आणि बंदराचा व्यापार ओसरला. परंतु भरती-ओहोटीचे येणे-जाणे काही थांबले नाही. या पाण्याने खाडीकाठच्या गावांना दोन गोष्टी दिल्या आहेत. बांधाच्या आतील खारजमिनीवरचे भात ही पहिली, आणि बांधाबाहेरच्या पाण्यातील मासळी ही दुसरी. भाताचे मोल येथील शेतकऱ्यास पुरेपूर ठाऊक आहे. मासळीचे, विशेषतः कोळंबीचे, बाजारातील मोलही त्यास ठाऊक आहे. मात्र घरातील माणसांच्या, मुलाबाळांच्या शरीराच्या दृष्टीने तिचे मोल काय, याचा हिशेब क्वचितच केला जातो. तो हिशेब मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल खाडीकाठचे एक शेतकरी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. घरात नवरा-बायको, म्हातारी आई आणि दोन मुले आहेत. पहाटे पाग टाकून दोन किलो कोळंबी मिळाली. ती सर्वच्या सर्व बाजारात गेली. येताना त्याच पैशातून तेल, मीठ, मिरची आली आणि मुलांसाठी तळलेल्या फरसाणाची पुडीही आली. दुपारी चहाबरोबर ती पुडी फुटली. या व्यवहारात कोणी कोणास फसविलेले नाही. तरीही घराचा तोटा झाला आहे. कारण प्रथिनांनी भरलेला पदार्थ घराबाहेर गेला आणि त्याच्या जागी तेल, मीठ व पीठ घरात आले. हा तोटा पैशात दिसत नाही. तो मुलाच्या वजनात, गरोदर स्त्रीच्या अशक्तपणात आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाढलेल्या साखरेत दिसतो.

हलके आणि सकस म्हणजे काय?

अन्नापासून शरीरास जी शक्ती मिळते ती उष्मांकात मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा एक ग्रॅम प्रथिनापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तेल-तुपापासून सुमारे ९ मिळतात. ज्या पदार्थात उष्मांक कमी, परंतु प्रथिने, क्षार व जीवनसत्त्वे भरपूर, तो हलका असूनही सकस होय. ज्यात उष्मांक भरमसाट आणि बाकी काही फारसे नाही, त्याने पोट भरते; शरीर मात्र भरत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते तयार केले आहेत. त्यांतील काही आकडे, खाण्यायोग्य १०० ग्रॅम भागासाठी, स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत :

ताजी सोललेली कोळंबी : ८९ उष्मांक, प्रथिने १९ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १ ग्रॅम.
कोंबडीचे अंडे : १७३ उष्मांक, प्रथिने १३ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १३ ग्रॅम.
भुईमुगाचे दाणे : ५६७ उष्मांक, प्रथिने २५ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ४० ग्रॅम.
कुरमुरे : ३२५ उष्मांक, प्रथिने साडेसात ग्रॅम, स्निग्ध पदार्थ नाममात्र.
सुकविलेली बारीक कोळंबी : ३४९ उष्मांक, प्रथिने ६८ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ साडेआठ ग्रॅम.

कोळंबीची जात, ऋतू व आकार यांप्रमाणे या आकड्यांत थोडाफार फरक पडतो. परंतु मुख्य गोष्ट बदलत नाही. ताज्या कोळंबीच्या ८९ उष्मांकांपैकी सुमारे ७६ उष्मांक एकट्या प्रथिनांचे आहेत, म्हणजे पाचांतील चार भागांहून अधिक. इतका शुद्ध प्रथिनांचा पदार्थ घरच्या इतर जिनसांत सहसा आढळत नाही. शिवाय वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ न सापडणारे ब-१२ जीवनसत्त्व आणि आयोडीन, सेलेनियम यांसारखे द्रव्यांशही कोळंबीत असतात.

यावरून अंडे किंवा शेंगदाणे वाईट, असा अर्थ मात्र काढू नये. शेतात दिवसभर राबणाऱ्या गड्यास शेंगदाण्यांतील उष्मांक हवेच असतात. ज्याला जे हवे ते त्याला द्यावे, एवढाच याचा अर्थ.

खाडीतील कोळंबी, करंदी व जवळा

खाडीकाठच्या बोलीत लहान-मोठ्या आकाराप्रमाणे कोळंबी, करंदी आणि जवळा अशी नावे आहेत. सोलून सुकविलेल्या कोळंबीस सोडे म्हणतात. यांपैकी जवळ्याविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. जवळा म्हणजे कोळंबीचे पिल्लू, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. जवळा ही निराळी जात असून पूर्ण वाढ झाल्यावरही ती जेमतेम इंच-दीड इंच लांबीची असते. म्हणून जवळा पकडण्यात पिल्ले मारण्याचा दोष नाही.

मोठ्या कोळंबीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या बहुतेक खाऱ्या जाती समुद्रात अंडी घालतात. त्यांतून निघालेली सूक्ष्म पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, उथळ व गढूळ पाण्यात वाढतात आणि मोठी होऊ लागली म्हणजे पुन्हा समुद्राकडे जातात. खाडी हे त्यांचे बालपणाचे घर होय. अतिशय बारीक आसाच्या जाळ्याने ही पिल्ले ओढून काढल्यास आज मूठभर चिखलट माल मिळतो व पुढील हंगामाची कोळंबी हातची जाते. जाळ्यात आलेली नखाएवढी कोळंबीची पिल्ले जिवंत असतानाच पाण्यात सोडून द्यावीत.

कारखान्याचे अथवा वस्तीचे सांडपाणी जेथे खाडीस मिळते, त्या तोंडाशी धरलेली कोळंबी घरी खाऊ नये आणि विकूही नये. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, मासे मेलेले दिसत असतील किंवा पाण्यास वेगळी दर्प येत असेल, तर ते ठिकाण त्या दिवसापुरते नव्हे, तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वर्ज्य समजावे.

ताजेपणाची परीक्षा

कोळंबी ही फार लवकर नासणारी वस्तू आहे. तिच्या डोक्याच्या भागात पाचक रस असतात. ती मेल्यावर हेच रस तिचे मांस मऊ करू लागतात. म्हणून खरेदी करताना किंवा घरची कोळंबी दुसऱ्या दिवसासाठी ठेवताना पुढील खुणा पाहाव्यात :

(१) वास समुद्राच्या पाण्यासारखा असावा. उग्र, आंबूस किंवा नवसागरासारखा वास आल्यास घेऊ नये.
(२) डोके धडास घट्ट चिकटलेले असावे. डोके लोंबत असल्यास माल शिळा समजावा.
(३) कवच चकचकीत व मांसाशी लागून असावे. बोटास बुळबुळीत लागू नये.
(४) डोळे काळे व उठावदार असावेत.

कवचावर काळे डाग पडू लागले म्हणजे कोळंबी बराच काळ बर्फाविना राहिली, असे बहुधा समजावे. ते डाग लपविण्यासाठी कोणतीही भुकटी किंवा रसायन घरी वापरू नये. त्यांतील काही पदार्थांनी दम्याच्या रोग्यास अपाय होतो. खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे बर्फ. जितकी कोळंबी तितकाच बारीक केलेला बर्फ घ्यावा आणि एक थर बर्फाचा, एक थर कोळंबीचा, अशी रचना करून बर्फाचे पाणी खाली निथळून जाईल असे भांडे वापरावे. बर्फ नसेल तर दोन तासांच्या आत कोळंबी शिजवावी. उन्हाळ्यात तर त्याहूनही त्वरा करावी.

सोलताना डोके व कवच काढून पाठीवर उभी चीर द्यावी आणि आतील काळा दोरा ओढून काढावा. तो दोरा म्हणजे कोळंबीचे आतडे असून त्यात चिखल व घाण असते. एक किलो आख्ख्या कोळंबीपासून साधारणतः अर्धा किलो मांस मिळते. काढलेले कवच खाडीत किंवा उकिरड्यावर उघडे टाकू नये. ते कंपोस्टच्या खड्ड्यात मातीच्या थराखाली पुरावे. त्यातील चुना व नत्र शेवटी शेतास मिळतो.

कोळंबी हलकी, कढई जड

कोळंबी जात्या हलकी असली तरी ती हलकी राहील की नाही, हे चुलीवर ठरते. लहान चमचाभर तेल म्हणजे ५ ग्रॅम, व त्याचे ४५ उष्मांक होतात. १०० ग्रॅम सोललेली कोळंबी रव्यात घोळून तळली असे समजू. कोळंबीचे ८९, दोन मोठे चमचे रव्याचे सुमारे ७० आणि तळताना शोषले गेलेले तीन लहान चमचे तेल धरल्यास त्याचे १३५, असे एकूण २९४ उष्मांक होतात. म्हणजे मूळच्या तिपटीहून अधिक. यांतील निम्म्याहून जास्त वाटा रवा व तेल यांचा असून कोळंबीचा तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही. सणावाराला तळलेली कोळंबी खाण्यास कोणाची हरकत नाही. परंतु तिला हलके खाणे म्हणू नये.

तेलावाचून चव येत नाही, ही समजूत या भागातील लोकांनी तरी धरू नये. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे रोहा, पेण, नागोठणे या पट्ट्यात शेतातच पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा व इतर जिन्नस भरून तोंड पाल्याने बंद करतात आणि भोवती जाळ करतात. त्यात तेलाचा थेंब नसतो, वरून पाणीही घालीत नाहीत; तरी त्या वासाने शेजारचा माणूस चालत येतो. पदार्थ त्याच्या अंगच्या रसात व वाफेत शिजविणे हीच ती युक्ती. कोळंबीस ती तंतोतंत लागू पडते.

तीन सोप्या कृती

पहिली, उकडलेली कोळंबी. एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे मीठ, चिमूटभर हळद व दोन आमसुले घालून पाणी खळखळ उकळावे. त्यात पाव किलो सोललेली कोळंबी टाकावी. कोळंबी आकड्यासारखी वळली, तिचा रंग गुलाबी झाला आणि मांसाचा पारदर्शकपणा पूर्ण गेला म्हणजे ती शिजली. मध्यम कोळंबीस यासाठी दोन ते तीन मिनिटे पुरतात. अधिक उकळल्यास ती चिवट होते व मुले ती चावून टाकून देतात. निथळून घेऊन वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची व लिंबाचा रस घालावा. हा रंग कसा येतो, असे मुले विचारतात. कोळंबीच्या अंगात तांबडे रंगद्रव्य मुळातच असते. कच्च्या स्थितीत ते एका प्रथिनास बांधलेले असल्यामुळे करडे-निळसर दिसते. उष्णतेने ते बंधन सुटते आणि तांबडा रंग मोकळा होतो.

दुसरी, पानात भाजलेली कोळंबी. कोथिंबीर, लसूण, मिरची व मीठ वाटून कोळंबीस चोळावे. हळदीच्या किंवा केळीच्या पानात ती गुंडाळून तापल्या तव्यावर ठेवावी व वर झाकण घालावे. एक बाजू तीन-चार मिनिटे भाजल्यावर पुडी उलटावी. पान करपले तरी चालते. आतील कोळंबी वाफेवर शिजते. मसाल्यात ओले खोबरे घालावयाचे झाल्यास चमचाभरच घालावे, कारण खोबऱ्यातही स्निग्धांश भरपूर असतो.

तिसरी, जवळ्याची कोशिंबीर. सुका जवळा निवडून, खडे-कचरा काढून, दोन पाण्यांत झटपट धुवावा व घट्ट पिळून घ्यावा. नंतर कोरड्या तव्यावर मंद आचेवर तो कुरकुरीत होईपर्यंत भाजावा. खाण्याच्या वेळी त्यात चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर व लिंबू मिसळावे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो सौम्य व गोडसर असल्याने या कोशिंबिरीस फार शोभतो. तांदळाच्या अर्ध्या भाकरीबरोबर दोन मोठे चमचे कोशिंबीर घेतली की मधल्या वेळचे खाणे पुरे झाले.

सुका जवळा : पावसाळ्याची बेगमी

महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. याच दिवसांत भाताची लावणी येते, अंगमेहनत वाढते आणि ताजी मासळी महाग होते. म्हणून उन्हाळ्यात जवळा सुकवून ठेवण्याची कोकणची रीत शहाणपणाची आहे. सुक्या बारीक कोळंबीत १०० ग्रॅमला ६८ ग्रॅम प्रथिने का, तर तिच्यातील पाणी उडून गेलेले असते. ती कवचासह खाल्ली जात असल्याने तिच्यातून चुना, म्हणजे कॅल्शियम, हेही विपुल मिळते.

रीत चांगली असली तरी सुकविण्याची जागा मात्र पुष्कळदा चांगली नसते. रस्त्याच्या कडेला किंवा उघड्या जमिनीवर पसरलेल्या जवळ्यात माती, कुत्र्या-कोंबड्यांची घाण व माश्या मिसळतात. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर बांबूचा माच बांधावा व त्यावर स्वच्छ जाळे अंथरावे. जवळा पिण्याच्या पाण्याने धुऊन पातळ थरात पसरावा. वरून दुसऱ्या बारीक जाळ्याने झाकावा व दिवसातून दोन-तीन वेळा हलवावा. सायंकाळी दव पडण्यापूर्वी तो घरात आणावा. मुठीत दाबल्यावर जवळा चुरचुर मोडला म्हणजे वाळला. वाकला तर अजून ओल आहे असे समजावे. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. पावसाळ्यात बुरशी किंवा लालसर चिकटपणा दिसल्यास तो फेकून द्यावा. पुन्हा उन्हात घालून खाऊ नये. माश्या व किडे येऊ नयेत म्हणून सुकत्या मासळीवर कीटकनाशक मारण्याचा विचारही मनात आणू नये. शेतातील विषाचा पंप आणि खाण्याचा माच यांची कधीही गाठ पडू देऊ नये.

कोणास किती द्यावे?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषास ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत स्त्रीस आणखी २२ ग्रॅम हवीत. चार ते सहा वर्षांच्या मुलास रोज सुमारे १६ ग्रॅम पुरतात.

आता पहिल्या कुटुंबाकडे वळावे. दोन किलोंतील फक्त अर्धा किलो आख्खी कोळंबी त्यांनी घरी ठेवली असती, तर पाव किलो मांस मिळाले असते. त्यात सुमारे ४८ ग्रॅम प्रथिने आणि अवघे २२० उष्मांक आहेत. पाच माणसांत ते सारखे वाटले तर प्रत्येकास ५० ग्रॅम कोळंबी येते. पाच वर्षांच्या मुलाची त्या दिवसाची प्रथिनांची निम्म्याहून अधिक गरज एवढ्या एका वाटीत भागते. उरलेली दीड किलो कोळंबी बाजारात नेण्यास मोकळीच आहे.

एकच पदार्थ असला तरी ताट मात्र प्रत्येकाचे निराळे असावे. वजन वाढलेल्या, बैठे काम करणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाने उकडलेली कोळंबी काकडी-कांद्याबरोबर खावी; भाकरी बेताची घ्यावी. वजन कमी असलेल्या मुलास मात्र नुसती कोळंबी देऊन चालणार नाही. त्यास प्रथिनांबरोबर उष्मांकही हवेत. म्हणून त्याच्या ताटात भात किंवा भाकरी आणि चमचाभर तेलही असावे. नाहीतर खाल्लेली प्रथिने अंग भरण्याऐवजी जळणासारखी खर्च होतात. नांगरणी-लावणी करणाऱ्या गड्याचेही तसेच आहे. "कमी उष्मांक" हा गुण सर्वांस सर्व वेळी हितकर नसतो, हे ध्यानात ठेवावे.

मासळी न खाणाऱ्या घरांनी खंत करण्याचे कारण नाही. भातानंतरच्या ओलीवर येणारा वाल आणि तूर, मूग, चवळी ही कडधान्ये त्यांची गरज भागवू शकतात. मोड आणून उकडलेले वाल हेही तेलावाचूनचे उत्तम खाणे आहे.

कोणी जपावे?

काही माणसांस कोळंबी सोसत नाही. खाल्ल्यावर अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ किंवा घसा सुजणे, उलटी होणे अथवा दम लागणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि त्या माणसाने पुन्हा कोळंबी, करंदी वा जवळा यांस शिवू नये. हा दोष शिजविल्याने जात नाही. लहान मुलास प्रथमच देताना अगदी थोडी देऊन पाहावी.

कोळंबी कच्ची किंवा अर्धकच्ची कधीही खाऊ नये. खाऱ्या पाण्यातील काही जंतूंमुळे कठीण आजार होतो. यकृताचा विकार असलेल्यांस तर प्राणसंकट ओढवू शकते. रक्तदाब असलेल्यांनी सुकी मासळी बेतानेच खावी व धुतल्याशिवाय वापरू नये, कारण तिच्यात मीठ बरेच असते. ज्यांस संधिवाताचा युरिक आम्लाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोळंबीत कोलेस्टेरॉल १०० ग्रॅमला दीडशे ते दोनशे मिलिग्रॅमपर्यंत असते. परंतु रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविणारे घट्ट स्निग्ध पदार्थ तिच्यात फार थोडे असतात. निरोगी माणसाने आठवड्यातून दोन-तीनदा बेताने खाण्यास भ्यावयाचे कारण नाही. हृदयरोग्याने आपल्या वैद्याचे ऐकावे.

घराचा घास व शेजाऱ्याचे शेत

कोळंबीचे गुण कळल्यावर ती अधिक मिळावी, असे वाटणे साहजिक आहे. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. खारेपाटातील शेती बाहेरच्या बांधावर व उघाडीच्या झडपांवर उभी आहे. उधाणाच्या भरतीबरोबर कोळंबी आत यावी म्हणून कोणी झडप उघडी ठेवली किंवा बांधास वाट केली, तर कोळंबीबरोबर मीठही आत येते. एका घराच्या टोपलीभर मासळीसाठी दहा घरांच्या भातखाचरांत क्षार मुरतो. पावसाच्या गोड्या पाण्याने तो धुऊन निघेपर्यंत भाताची उगवण मारली जाते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भातजाती दिल्या आहेत खऱ्या. परंतु कोणतीही जात फुटलेल्या बांधाचे काम करू शकत नाही. जाळे लावावयाचे ते बांधाबाहेर, आणि झडप हलवावयाची ती गावाच्या संमतीने, शेतातील पाणी बाहेर काढण्यासाठीच, हा नियम पाळावा.

ज्यांना कोळंबीचे रीतसर संवर्धन करावयाचे आहे त्यांनी २००५ च्या किनारी जलकृषी कायद्याखाली आवश्यक ती नोंदणी करावी, मत्स्यव्यवसाय विभागाचा सल्ला घ्यावा आणि बंदी असलेली प्रतिजैविके तळ्यात घालू नयेत. तो स्वतंत्र धंदा आहे. मधल्या वेळच्या वाटीसाठी तळे खणण्याची जरुरी नाही; पागातील कोळंबीतून आधी घराचा वाटा काढून ठेवला की पुरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे प्रात्यक्षिक

हा विषय नुसत्या भाषणाने पटणार नाही. तो चुलीशी बसून पटविला पाहिजे. अंगणवाडी, महिला बचत गट किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात पुढीलप्रमाणे तासाभराचे प्रात्यक्षिक घ्यावे :

(१) आख्खी एक किलो कोळंबी सर्वांसमक्ष वजन करावी, सोलावी व मांस पुन्हा वजन करून दाखवावे.
(२) मांसाचे दोन समान भाग करावेत. एक भाग उकडावा, दुसरा तळावा. तळण्यापूर्वी व तळल्यानंतर कढईतील तेल मोजावे. किती तेल कोळंबीत गेले हे बायकांस डोळ्यांनी दिसू द्यावे.
(३) दोन्ही वाट्या सर्वांस चाखावयास द्याव्यात व आवडीचे हात मोजावेत. तळलेलीस अधिक हात वर आले तरी निराश होऊ नये. लिंबू-मिरची वाढवून पुन्हा चाखावयास द्यावे.
(४) त्या दिवसाचा स्थानिक भाव फळ्यावर लिहावा. एक किलो आख्ख्या कोळंबीत सुमारे ९५ ग्रॅम आणि एक किलो सुक्या जवळ्यात सुमारे ६८० ग्रॅम प्रथिने असतात. भावास या आकड्यांनी भागून एक ग्रॅम प्रथिनास किती पैसे पडतात ते काढावे. तसाच हिशेब तूरडाळ, अंडी व फरसाण यांचा करावा. कोणती जिन्नस स्वस्त आणि कोणती महाग, हे कार्यकर्त्याने सांगू नये. हिशेब मुलांकडून करवून घ्यावा व उत्तर त्यांनाच वाचू द्यावे.
(५) कोणास कोळंबी सोसत नाही, हे प्रारंभीच विचारून घ्यावे आणि त्यांच्यासाठी उकडलेले वाल ठेवावेत.

महिन्याने त्याच घरांस भेट देऊन एकच प्रश्न विचारावा : "या आठवड्यात मिळालेल्या मासळीतून घरी किती ठेवली?" उत्तर मूठभर असे आले तरी काम सुरू झाले असे समजावे.

शेतकरी पेरणीपूर्वी बियाण्याचा वाटा बाजूस काढतो. कितीही ओढ लागली तरी तो वाटा तो विकत नाही व खातही नाही. कारण पुढील वर्षाचे पीक त्यात आहे, हे तो जाणतो. घरातील मूल हेही पुढील पिढीचे बियाणे आहे. पाग खाडीतून वर आला म्हणजे टोपली बाजारात उतरविण्यापूर्वी एक वाटी कोळंबी चुलीकडे जावी, आणि तेथे ती तेलात न बुडता वाफेवर शिजावी, एवढी सवय नागोठण्याच्या व सर्व खाडीकाठच्या घरांनी लावून घेतली, तर अंबेच्या भरतीचा लाभ केवळ बाजारास न होता घरासही होईल.